संत्र्याच्या सालीतला चहा आणि प्राचीनतेचा मोह

१/
लिंबाएवढे, वाळून टणक झालेले हिरवे फळ. वरच्या बाजूला नाण्याएवढे झाकण आणि आत गच्च भरलेला काळपट तपकिरी चहा. उकळते पाणी पडले की प्रथम संत्र्याच्या सालीचा तेलकट सुगंध येतो आणि त्यामागून ओल्या मातीची आठवण करून देणारा गंभीर वास. या चिनी चहाचे नाव श्याओ चिंग गान, म्हणजे 'छोटे हिरवे संत्रे'. तो विकताना 'शतकांची परंपरा' हे शब्द बहुधा सोबत येतात. आजचा धागा त्या शब्दांविषयी आहे.

२/
माझे मत आरंभीच सांगून ठेवणे बरे. या चहाच्या नावावर जी प्राचीनता खपवली जाते, तिने त्याचा गौरव होत नाही. उलट त्याचा खरा, जवळचा आणि अधिक रोचक इतिहास त्याखाली गाडला जातो. ज्या माणसांनी हा पदार्थ प्रत्यक्षात घडवला, त्यांच्या जागी एक सोयीस्कर विद्वान अधिकारी उभा केला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने या अदलाबदलीकडे काणाडोळा करू नये.

३/
आधी भूगोल पाहू. या चहाचे दोन घटक आहेत आणि त्यांची घरे हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहेत. साल येते दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील शिन्हुई येथून. पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशातला हा सखल, दमट भाग आज जिआंगमेन शहराच्या कारभारात मोडतो. चहा येतो नैऋत्येकडील युन्नान प्रांताच्या डोंगरांतून, म्यानमार आणि लाओस यांच्या सीमेलगतच्या प्रदेशातून.

४/
शिन्हुई हे नाव चिनी इतिहासात क्षुल्लक नाही. याच परिसरातील यामेनच्या समुद्रात १२७९ साली सोंग राजवटीचा शेवट झाला. मंगोल आरमारापुढे पराभव अटळ दिसताच मंत्री लू शिउफू याने बालसम्राटाला पाठीशी घेऊन समुद्रात उडी घेतली. आधुनिक चीनचे थोर विचारवंत लिआंग चिचाओ यांचा जन्मही १८७३ साली शिन्हुईतच झाला. पण चिनी स्वयंपाकघरात आणि औषधाच्या दुकानात या गावाची ओळख एकाच वस्तूने होते: संत्र्याची जुनी साल.

५/
या सालीला म्हणतात चेनपी. 'चेन' म्हणजे जुने, मुरलेले; 'पी' म्हणजे साल. शिन्हुईत पिकणाऱ्या एका विशिष्ट संत्र्याची साल तीन पाकळ्यांत सोलायची, उन्हात वाळवायची आणि वर्षानुवर्षे जपायची. तीन वर्षे हा किमान काळ मानला जातो. दहा, वीस, तीस वर्षांच्या सालीला चढती किंमत येते. तोळाभर जुनी साल म्हणजे तोळाभर सोने, अशा अर्थाची म्हण तिथे प्रचलित आहे.

६/
गंमत अशी, की या गावात फळापेक्षा साल मोलाची ठरली. आतला गर हा उपउत्पादन. तो फुकट वाटला जाई किंवा फेकला जाई. आपल्याकडचे नागपुरी संत्रे आणि शिन्हुईचे संत्रे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीत गणले जातात. आपण फोडी खाऊन साल टाकतो. ते साल ठेवून फोडी टाकतात. कोणत्या वस्तूला मूल्य आहे हे फळ ठरवीत नाही, समाज ठरवतो. इतिहासाचा हा पहिला धडा इथेच मिळतो.

७/
चेनपीची प्राचीनता मात्र खरी आहे, हे निःशंकपणे मान्य करायला हवे. संत्र्याची साल जितकी जुनी तितकी गुणकारी, ही कल्पना चिनी वैद्यकात दीड हजार वर्षांपूर्वीच आढळते. सोंग काळातील सरकारी औषधसंग्रहात एका काढ्याचे नावच 'दोन जुन्यांचा काढा' असे आहे. त्या दोहोंतील एक जुनी वस्तू म्हणजे ही साल. सोळाव्या शतकात ली शिझेन याने आपल्या प्रसिद्ध औषधकोशात ग्वांगदोंगकडून येणारी साल श्रेष्ठ मानली जात असल्याची नोंद केली आहे.

८/
दुसरा घटक पु-अर चहा. युन्नानमधील मोठ्या पानांच्या चहाचे हे व्यापारी नाव. पु-अर हे मुळात बाजारपेठेचे ठाणे होते. भोवतालच्या डोंगरांतला चहा तिथे गोळा होई, म्हणून त्या चहाला गावाचे नाव मिळाले. १७२९ साली छिंग राजवटीने पु-अर हा प्रशासकीय विभाग स्थापन केला आणि इथला निवडक चहा बीजिंगच्या दरबारात नजराणा म्हणून जाऊ लागला.

९/
वाहतुकीसाठी हा चहा वाफवून, दाबून त्याच्या चकत्या, विटा आणि गोळे केले जात. खेचरांच्या पाठीवर महिनोन्महिने प्रवास होई. पाऊस, घाम, उष्मा यांचा परिणाम पानांवर होत असे आणि साठवणुकीत तो वाढत जाई. कोवळेपणी कडवट आणि तुरट असलेला हा चहा वर्षांगणिक मवाळ, गडद आणि गोडसर होतो. म्हणजे साल आणि चहा, दोन्हींच्या गुणांचे मूळ एकच: काळ.

१०/
इथपर्यंत सारे ठीक आहे. आता ती आख्यायिका. शिन्हुईचा लुओ तिआनची नावाचा एक विद्वान एकोणिसाव्या शतकात, दाओग्वांग सम्राटाच्या काळात, राजपरीक्षा उत्तीर्ण होऊन युन्नानमध्ये अधिकारी झाला. निवृत्त होऊन घरी परतताना त्याने बरोबर पु-अर चहा आणला. पुढे एकदा त्याला खोकला झाला, पत्नीने चेनपीचा काढा केला आणि त्याने तो चुकून चहाच्या भांड्यात ओतला. चव अप्रतिम लागली, खोकलाही गेला आणि संत्र्यात चहा भरण्याची प्रथा सुरू झाली.

११/
लुओ तिआनची हा काल्पनिक माणूस नव्हे. तो चित्रकार आणि सुलेखनकार म्हणून ग्वांगदोंगच्या कलेतिहासात ज्ञात आहे. शिन्हुई आणि युन्नान या दोन दूरच्या प्रदेशांना एका आयुष्यात जोडणारा माणूस म्हणून तो कथेला अगदी चपखल बसतो. नेमका हाच चपखलपणा अभ्यासकाला सावध करणारा असावा. दोन घटकांचा एक पदार्थ आणि दोन घटकांच्या गावी राहिलेला एक माणूस: आख्यायिका अशाच जुळणीतून जन्म घेतात.

१२/
आता क्षणभर ही कथा अक्षरशः खरी मानू. तरी लुओ तिआनचीने जे प्यायले ते श्याओ चिंग गान असणे शक्य नाही. कारण साधे आहे. आजच्या फळात जो गडद, मातकट वासाचा चहा भरलेला असतो त्याला 'शू', म्हणजे पक्व, पु-अर म्हणतात. तो पक्व करण्याचे तंत्र १९७३ ते १९७५ या काळात युन्नानमध्ये सिद्ध झाले. दाओग्वांग सम्राट १८५० साली वारला. मधले अंतर सव्वाशे वर्षांचे आहे.

१३/
या तंत्राची जन्मकथा कोणत्याही आख्यायिकेपेक्षा सरस आहे आणि तिचा आरंभ हाँगकाँगच्या चहागृहांत होतो. तिथे सकाळी आप्तमित्रांसह बसून चहा प्यायचा आणि त्याबरोबर वाफवलेले छोटे पदार्थ खायचे, ही रोजची रीत. तेलकट खाण्यावर हाँगकाँगकरांना गडद, मुरलेला पु-अर हवा असे. त्यांच्या कँटोनी बोलीत त्याला 'पो लेई' म्हणतात. हा चहा श्रीमंतांचा नव्हता. कष्टकऱ्यांच्या टेबलावर किटलीने ओतला जाणारा तो स्वस्त चहा होता.

१४/
पण चहा नैसर्गिकपणे मुरायला वर्षे लागतात आणि गिऱ्हाईक रोज सकाळी दारात उभे. व्यापाऱ्यांनी मग दमट गोदामांचा आश्रय घेतला. ओलसर हवेत चहा लवकर काळवंडतो हे त्यांनी अनुभवाने हेरले होते. ग्वांगदोंगमधील तंत्रज्ञांनी १९५०च्या दशकापासून पानांवर पाणी शिंपडून ही क्रिया आणखी वेगाने घडवण्याचे प्रयोग सुरू केले. युन्नानचा चहा त्या काळी ग्वांगदोंगमार्गेच बाहेर जात असल्याने तिथल्या लोकांना बाजाराची नाडी ठाऊक होती.

१५/
१९७३ साली युन्नानला स्वतः चहा निर्यात करण्याची मुभा मिळाली आणि तिथल्या कारखान्यांचे तंत्रज्ञ ही रीत शिकण्यासाठी ग्वांगदोंगला गेले. त्यांत कुनमिंग कारखान्याच्या वू छीयिंग आणि मेंगहाई कारखान्याचे झोउ बिंगलिआंग यांची नावे आज आदराने घेतली जातात. परतल्यावर त्यांनी आपल्या हवेला, आपल्या पाण्याला, आपल्या पानाला अनुरूप असे तंत्र बसवले. सांस्कृतिक क्रांतीचा तो काळ होता, कारखाने सरकारी होते आणि देशाला परकीय चलनाची निकड होती.

१६/
तंत्राचे नाव 'वो दुई', म्हणजे ओला ढीग. उन्हात वाळवलेल्या चहाच्या पानांचा सुमारे मीटरभर उंचीचा ढीग रचायचा, त्यावर पाणी शिंपडायचे आणि कापडाने झाकायचे. भिजलेली गंजी आतून तापते हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. तसाच हा ढीग ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहून अधिक तापतो. बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव पानांतील कडवट द्रव्ये बदलून टाकतात. दर काही दिवसांनी ढीग उलथवायचा. दीड ते दोन महिन्यांत चहा 'म्हातारा' होतो.

१७/
याला मी नक्कल म्हणणार नाही. ढीग फार तापला तर पाने जळून निकामी होतात. कमी तापला तर आंबट वास धरतात. पाणी किती, ढीग केव्हा उलथवायचा, केव्हा पसरून थंड करायचा हे हाताच्या आणि नाकाच्या भरवशावर ठरते. हे कौशल्य आहे, शास्त्र आहे आणि मजुरीही आहे. गरम, दमट, उग्र वासाच्या खोलीत फावड्याने टनावारी पाने उलथणारा कामगार या चहाच्या इतिहासात कुठे आहे? वेष्टनावर तर तो नाही. तिथे आहे खोकलणारा अधिकारी.

१८/
आता सालीकडे वळू. चेनपीचे सारे माहात्म्य तिच्या जुनेपणात आहे, हे आपण पाहिले. पण श्याओ चिंग गान कशापासून होते? उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, झाडावरून उतरवलेल्या कोवळ्या हिरव्या फळांपासून. वरून चकती कापायची, गर कोरून काढायचा, पोकळ साल धुवायची, चहा भरायचा, झाकण बसवायचे आणि उन्हात किंवा मंद आचेच्या भट्टीत वाळवायचे. या सालीचे वय काही आठवड्यांचे असते. 'चेन' हे विशेषण तिला लावायचे तरी कसे?

१९/
चिनी वैद्यकानेही हा भेद पाळला आहे. कोवळ्या हिरव्या फळाच्या सालीला तिथे 'चिंगपी' असे वेगळे नाव आहे, तिचे गुणधर्म वेगळे सांगितले आहेत आणि ती वेगळ्या कारणांसाठी वापरतात. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन हा चहा विकला जातो, ती परंपराच या दोन साली एक मानत नाही. हिरव्या फळाला चेनपीचे सगळे गुण चिकटवणे हा परंपरेचा आदर नव्हे. तिच्याविषयीचे अज्ञान आहे.

२०/
आता दोन्ही अर्धे एकत्र ठेवून पाहा. आतला चहा: दोन महिन्यांत घाईने मुरवलेला. बाहेरची साल: अजून मुरायचीच असलेली. दोन घाईच्या वस्तू एकत्र आल्या आणि विकल्या गेल्या त्या संथपणाच्या नावाने. या विसंगतीतच या चहाचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे. ज्यांना मुरलेपण हवे आहे पण थांबायला वेळ नाही, अशा समाजाचे हे पेय आहे. त्याचा काळ छिंग राजवटीचा नाही. तो आपलाच आहे.

२१/
या फळाची लाट उसळली ती २०१०च्या दशकाच्या मध्यात. त्याआधी पिकलेल्या, मोठ्या, लाल संत्र्यात पु-अर भरण्याची रीत होती. पण त्यातला चहा फोडून, मोजून काढावा लागे. छोटे हिरवे फळ शहरी तरुणाच्या सोयीचे ठरले. एक फळ, एक बैठक. कार्यालयात पेल्यात टाकता येते, भेट देता येते, छायाचित्रात शोभते. शिवाय बागायतदाराला हिवाळ्यापर्यंत थांबण्याऐवजी काही पैसा आधीच हाती येतो. शोधाची कारणे अशी रोकडी आहेत आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

२२/
'मग सारेच बनावट म्हणायचे का?' मुळीच नाही. इथे दुसरी चूक टाळायला हवी. नवे म्हणजे खोटे, असा निष्कर्ष काढणारा माणूसही प्राचीनतेच्याच मोहात असतो. फक्त उलट्या बाजूने. या पदार्थाला पूर्वज आहेत, चांगले जुने पूर्वज आहेत. ते वेष्टनावर सांगितलेले नाहीत, इतकेच. त्यातले तीन पाहू.

२३/
पहिला पूर्वज आठव्या शतकातला. थांग काळातील लू यू हा चहावरील पहिल्या मोठ्या ग्रंथाचा, 'चा जिंग'चा कर्ता. चहात कांद्याची पात, आले, बोरे, संत्र्याची साल, पुदिना वगैरे घालून तो रटरट उकळणाऱ्या लोकांची त्याने चांगलीच हजेरी घेतली आहे. असा चहा त्याच्या मते गटारात फेकायच्या लायकीचा. आणि तरीही लोकांची सवय सुटत नाही, अशी खंतही तो व्यक्त करतो.

२४/
या तक्रारीचे मोल किती मोठे आहे पाहा. चहात संत्र्याची साल घालणे बाराशे वर्षांपूर्वी इतके सर्रास होते की शास्त्रकाराला त्रागा करावा लागला. म्हणजे ही जोडी कुणा अधिकाऱ्याच्या हातून चुकून घडलेली नाही. ती अनाम, सामान्य चहा पिणाऱ्यांची आहे आणि अभिजनांच्या नापसंतीला न जुमानता टिकलेली आहे. एखादी प्रथा जुनी आहे याचा उत्तम पुरावा पुष्कळदा तिच्या निंदकाच्या लेखणीतच सापडतो. हे सूत्र टिपून ठेवण्यासारखे आहे.

२५/
दुसरा पूर्वज तेराव्या शतकातला, स्वयंपाकघरातला. सोंग काळाच्या अखेरीस लिन होंग याने लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात एक पदार्थ आहे: पिकलेले मोठे संत्रे वरून कापायचे, गर काढायचा, त्यात खेकड्याचे मांस भरायचे, झाकण पुन्हा बसवायचे आणि वाफवायचे. फळाच्या सालीचेच भांडे करून तिचा वास आतल्या जिन्नसात उतरवणे ही कल्पना चिनी पाककलेत चांगली सातशे वर्षे मुरलेली आहे.

२६/
तिसरा पूर्वज मला सर्वांत जवळचा वाटतो. तैवानमधील हक्का समाजात नववर्षाच्या पूजेत देवापुढे मोठी, खडबडीत, दिसायला देखणी पण खायला अतिशय आंबट अशी संत्री मांडतात. पूजा झाल्यावर ती टाकायची कशी? मग त्यांचा गर काढून चहाच्या पानांत मिसळतात, ते मिश्रण पुन्हा सालीत भरतात, दोरीने घट्ट बांधतात आणि पुनःपुन्हा वाफवून, वाळवून दगडासारखे कठीण करतात. घसा दुखला की त्याचा तुकडा फोडून उकळायचा.

२७/
या प्रथेत कुणी विद्वान नाही, सम्राट नाही, अपघाती शोध नाही. आहे ती काटकसर: देवापुढचे अन्न वाया जाऊ न देण्याची, कष्टकरी समाजाची काटकसर. हा चहा श्याओ चिंग गानचा थेट जनक आहे असे मी म्हणत नाही. पण संत्र्यात चहा भरण्यामागची खरी प्रेरणा कुठल्या घरांत शोधावी, याची दिशा तो नक्की दाखवतो.

२८/
मग आख्यायिका कशासाठी? कारण बाजाराला वंशावळ हवी असते. १९८३ साली इंग्रज इतिहासकार एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने 'निर्मित परंपरा' ही संकल्पना रूढ केली: अनादि भासणाऱ्या अनेक परंपरा प्रत्यक्षात अलीकडे, विशिष्ट गरजेपोटी घडवलेल्या असतात. स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांचा 'प्राचीन' पोशाख हे त्यातले गाजलेले उदाहरण. चहाच्या जगात अशी उदाहरणे पैशाला पासरी आहेत.

२९/
पु-अरच्या बाबतीतच पाहा. 'प्राचीन चहा-अश्व मार्ग' हे आज जगभर गाजलेले नाव १९९०च्या सुमारास युन्नानमधील काही तरुण अभ्यासकांनी रूढ केले. वाटा जुन्या, नाव नवे. २००७ साली सिमाओ या शहराचे नाव बदलून पु-अर ठेवण्यात आले. त्याच वर्षी पु-अरचे भाव सट्ट्याने गगनाला भिडले आणि कोसळले. २००८ साली मेंगहाई कारखान्याच्या 'दायी' चहाचे तंत्र चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आले. पक्व चहाच्या ओल्या ढिगाचे वय तेव्हा उणेपुरे पस्तीस वर्षे होते.

३०/
मला या नोंदीत हास्यास्पद काही दिसत नाही. पस्तीस वर्षांत एखादे कौशल्य वारसा होऊ शकते. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिले की पुरे. शिन्हुईच्या सालीलाही २००६ साली भौगोलिक संरक्षण मिळाले आणि २०२१ साली तिची प्रक्रिया राष्ट्रीय वारसा ठरली. आक्षेप आहे तो वारसा म्हणण्याला नव्हे, तर वारसा ठरण्यासाठी वय खोटे सांगावे लागते या समजुतीला.

३१/
'एका निरुपद्रवी गोष्टीवर इतका रोष कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. आख्यायिका गावाला अभिमान देते, गिऱ्हाईकाला रस वाटतो. पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. एक, गिऱ्हाईकाच्या खिशात: जुनेपणाचा दर कोवळ्या सालीला लागतो. दोन, आणि हे अधिक गंभीर, स्मृतीत: कारखान्यातले तंत्रज्ञ, हाँगकाँगचे चहागृहवाले, हक्का घरांतल्या आज्या आणि फळे कोरणारे मजूर यांचा इतिहास अनावश्यक ठरतो. एकाच्या नावावर अनेकांचे श्रम चढतात.

३२/
आणि आख्यायिका टाकूनही द्यायची नाही. ती योग्य प्रश्नासाठी वापरायची. ती १८५० सालाविषयी फारसे सांगत नाही. पण ती सांगणाऱ्या काळाविषयी पुष्कळ सांगते. शिन्हुईतून गेल्या दीड-दोन शतकांत असंख्य माणसे पोटासाठी आग्नेय आशियात आणि अमेरिकेत गेली. दूर गेलेला माणूस परततो आणि घरच्या सालीत परमुलखाची चव मिसळतो, ही कथा अशा गावाला का भावली असेल, याचा विचार करून पाहा.

३३/
अंतराचा विचार करताना आणखी एक दुवा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार संत्रे-लिंबू वर्गातील फळांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात आहे. पु-अर ज्या मोठ्या पानांच्या चहापासून होतो, त्याच्या शास्त्रीय नावातच 'असामिका' आहे. ज्या दोन वस्तूंना जोडायला आख्यायिकेने एक अधिकारी धाडला, त्यांची वंशभूमी निसर्गाने आधीच शेजारी मांडली होती. आपले नागपुरी संत्रे आणि आपल्या कपातला आसामी चहाही याच गोतातले.

३४/
तेव्हा 'शतकांची परंपरा' हे शब्द पुढे दिसतील तेव्हा चार प्रश्न विचारा. प्रत्येक घटकाचे वय स्वतंत्रपणे काय? तो घटक तयार करण्याचे तंत्र केव्हाचे? ही कथा प्रथम कोण सांगू लागले आणि त्यात त्यांचा लाभ कोणता? आणि सर्वांत महत्त्वाचे: या कथेतून कोण गळले आहे? चहाला लावलेले हे निकष किल्ल्याला, सणाला, पाककृतीला, घराण्याच्या वंशावळीलाही तितकेच लागू पडतात.

३५/
श्याओ चिंग गान जरूर प्या. चव उत्तम आहे; त्यासाठी सम्राटाची साक्ष लागत नाही. तो वजन घटवतो, रक्त शुद्ध करतो अशा जाहिरातींकडे मात्र दुर्लक्ष करा. आणि पहिला घोट घेताना ज्यांनी ढीग उलथले, ज्यांनी फळे कोरली, ज्यांना लू यूने नावे ठेवली आणि तरी ज्यांनी चहात साल टाकणे सोडले नाही, त्यांची आठवण ठेवा. या फळात बाराशे वर्षे आहेतच. ती वेष्टनावर सांगितली आहेत तशी नाहीत, इतकेच.

धागा समाप्त. मतभेद असल्यास पुराव्यासह जरूर मांडावेत. चर्चेचे स्वागत आहे.